पोच्याचा चमचा

दहा क्यात्थांचं, म्हणजे साधारण एकशे साठ ग्रॅमचं, पितळी वजन सहाव्या मजल्यावरून खाली गल्लीत पोचायला किती वेळ लागतो, हे वजनमापे खात्याच्या एकाही नियमपुस्तकात दिलेलं नाही. ऊ बा चो त्याच खात्यात निरीक्षक होते. नियमपुस्तकं त्यांना तोंडपाठ होती, पण ही एक माहिती त्यांना प्रत्यक्ष प्रयोगातूनच मिळवावी लागली. 'अगं, गाठ सुटली' एवढं बायकोला सांगायचं म्हटलं, तर 'गाठ' म्हणेपर्यंत वजन खाली पोचतं. 'सुटली' ऐकायला ते थांबत नाही.

रंगूनच्या जुन्या भागात, नदीच्या अंगाला असलेल्या त्या गल्लीत इमारती सहा-सहा, आठ-आठ मजल्यांच्या, जिने शिडीसारखे उभे, आणि लिफ्टचं नाव नाही. म्हणून प्रत्येक गॅलरीतून एक दोरी थेट रस्त्यापर्यंत सोडलेली. दोरीच्या वरच्या टोकाला घंटा, खालच्या टोकाला कुणाची टोपली, कुणाची पिशवी, कुणाचा नुसताच चिमटा. पेपरवाल्याने पेपर चिमट्यात अडकवायचा. पाहुण्याने दोरी ओढून घंटा वाजवायची, मग किल्ली टोपलीत बसून खाली यायची. माणसं एकमेकांचा जिना चढत ती लग्नाला नाहीतर मयताला. बाकी सगळा संसार दोरीवर.

ऊ बा चोंच्या दोरीला मात्र वाऱ्याची फार ओढ. नदीकडून झुळूक आली की टोपली भलतीकडेच जायची. एकदा तर ती पाचव्या मजल्यावरच्या बाईंची वाळत घातलेली चोळी घेऊन वर आली. त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, डो खिन सोने, कपाळाला हात लावला.

"को बा, उद्यापासून ही दोरी सरळ खाली गेली पाहिजे. नाहीतर मीच तुम्हाला टोपलीत घालून खाली सोडीन."

म्हणून टोपलीच्या बुडाला वजन आलं. जुन्या छापाचं म्हणून खात्याने बाद केलेलं, वितळवायला काढलेलं, पण वितळवणाऱ्याच्या भट्टीऐवजी चुकून ऊ बा चोंच्या पिशवीत गेलेलं. मूठभर पितळ, वर सरकारी शिक्का. दोरी सरळ झाली. शेजारणीची अब्रू वाचली.

आता त्या सकाळचं. गल्लीत उकडलेल्या वाटाण्यांची हाक आली. "पे ब्योऽऽक!" ही हाक नू यीनची. तेव्हा ती पस्तिशीची होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर अॅल्युमिनियमचं भलं मोठं ताट, ताटात केळीच्या पानाखाली वाफाळते मोड आलेले वाटाणे, आणि मापाला कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा. त्या शहरात तांदूळ, डाळ, वाटाणे सगळं त्याच डब्याने मोजतात. ऊ बा चोंच्या खात्याला तो डबा मान्य नव्हता आणि डब्याला ते खातं ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. अपवाद फक्त ऊ बा चोंचा. ते रोज सकाळी गॅलरीत उभे राहून सहाव्या मजल्यावरून मापाची तपासणी करत.

"मा नू! शीग नाही लागली! मी इथून बघतोय!"

"तिथून शीग दिसते तुम्हाला, सयाजी? मला तर इथून तुम्ही पण दिसत नाही, नुसता चष्मा दिसतो!"

(सयाजी हे त्यांचं नाव नव्हे. तिकडे मास्तर, डॉक्टर, मोठा साहेब, कुणालाही मानाने अशीच हाक मारतात. नू यीनच्या तोंडी त्यात मान किती आणि चिमटा किती, हे ती कुठल्या सुरात हेल काढते त्यावर असायचं. आणि ऊ, को, डो, मा ही तिकडे नावाआधी लावायची, आपल्या राव-बाईंसारखी संबोधनं.)

"डबा हलवून भर! आत पोकळी राहते!"

"वाटाणे आहेत हो, सोनं नाही!"

एवढं बोलून तिने डबा ढिगावर उपडा आपटला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून ती वर बघत उभी राहिली. ताट बुटक्या स्टुलावर होतं. कोपऱ्यावरचा चहावाला को टो किटली खाली ठेवून तमाशा बघायला बाहेर आला होता. प्रेक्षक आहेत म्हटल्यावर ऊ बा चोंना जोर चढला. त्यांनी टोपली कठड्याबाहेर धरली आणि एकेका शब्दाला ती हलवत ते गरजले, "मापात, मा नू, मापात पाप..."

'पाप' म्हणायला आणि गाठ सुटायला एकच गाठ पडली.

टण्ण असा आवाज झाला. वजन डब्याच्या उपड्या बुडावर बसलं, डबा ढिगात रुतला, ताट स्टुलावरून कलंडलं आणि गल्लीभर वाटाणे झाले. तारेवरचा एक कावळा घाबरून कर्कश ओरडत उडाला. चार बोटं इकडे पडलं असतं तर वाटाण्यांऐवजी काय सांडलं असतं, हा विचार ऊ बा चोंना त्याच क्षणी आला. ते कठड्याआड मटकन उकिडवे बसले. टोपली त्यांनी पोटाशी धरली होती.

डो खिन सो स्वयंपाकघरातून आली. "हे काय? असे का बसलात?"

"चपलेचा अंगठा सुटला."

"चपला दाराशी आहेत."

त्यांनी टोपली बाजूला ठेवली. योग्य तेवढा वेळ जाऊ दिला, मग उभं राहून, चष्मा सारखा करून, आत्ताच बाहेर आलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "काय झालं रे?"

"कावळा, सयाजी!" को टो खालून ओरडला. "मेल्या कावळ्यानं काहीतरी टाकलं वरनं!"

ऊ बा चोंनी आयुष्यात शेकडो दुकानदारांचे खोटे तराजू पकडले. खोटं बोलताना माणसाचा आवाज कुठे चिरकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तरी ते म्हणाले, "फार माजलेत कावळे."

नू यीनने वाटाण्यांतून ते पितळ उचललं. तिकडे बायकाही नेसतात त्या लुंगीला पुसलं. उलटं करून शिक्का पाहिला. मग मान वर केली. सहा मजले, बारा गॅलऱ्या, सगळीकडे डोकी. ती नक्की कुणाकडे बघत होती, हे वरून कळायला मार्ग नव्हता. वजन तिने कमरेला खोचलं आणि ती वाटाणे भरायला वाकली.

पुढचा महिनाभर ऊ बा चोंना कचेरीचं दार वाजलं की नू यीन वजन घेऊन आली असं वाटायचं. पण ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मात्र आली, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या सुरात. डबा तोच होता. बुडाला आत गेलेला चांगला खोल पोचा. बत्त्याने ठोकून पाहिला म्हणे, पण तो काही बाहेर आला नाही. तिने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "डब्याला पोचा पडलाय. त्याच्याबद्दल प्रत्येकाला वरून एक चमचा. नंतर कुणी कुरकुर करायची नाही."

त्या चमच्याला गल्लीत नावच पडलं, पोच्याचा चमचा. नवीन बिऱ्हाड आलं की जुनी माणसं सांगत, "वाटाणे घेतलेस की पोच्याचा चमचा मागून घे हो, तो आपला हक्क आहे."

ऊ बा चोंकडे सोनाराकडचा असतो तसला एक छोटा काटा होता. पोचा पडण्याआधी डबाभर वाटाणे बरोबर बारा क्यात्था भरत, हे त्यांना पाठ होतं. पोच्यानंतर त्यांनी टोपली वर ओढली, वाटाणे पारड्यात ओतले, दुसऱ्या पारड्यात पाचाची दोन आणि दोनाचं एक वजन ठेवलं. वाटाण्यांचं पारडं वर राहिलं. किती वाटाणे घातले तर ते खाली येईल, याचा त्यांनी अंदाज घेतला. चमचाभर कमी.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. मग या शास्त्रशुद्ध माणसाने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. पोचा आहे दोन चमच्यांचा. बिचारी परत देते एक. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराला रोज एक चमचा कमी पडतोय. तिलाही ठाऊक नाही, त्यांनाही ठाऊक नाही. ठाऊक आहे फक्त एकाला, आणि तो कोण, तर वजनमापे निरीक्षक!

त्या दिवसापासून सहाव्या मजल्यावरची तपासणी बंद झाली. नू यीनने एक-दोनदा खालून डिवचलं, "काय सयाजी, शीग बघत नाही हल्ली? मोतीबिंदू झाला का?" ऊ बा चो नुसते हसत. त्यांनी ज्या दुकानदारांना अर्ध्या क्यात्थासाठी दंड केला होता ते सगळे रोज सकाळी वाटाण्यांबरोबर टोपलीत बसून वर येत. आणि नाश्ता झाला की ऊ बा चो मूठभर भात कठड्यावर ठेवत. कावळ्यांसाठी.

"पितर जेवायला घालताय का रोज?" डो खिन सोने एकदा विचारलं.

"पुण्य आहे ते."

"कावळ्यांची माफी मागताय तुम्ही," ती म्हणाली. "मला काय, चपलेचा अंगठा कुठं होता ते त्याच दिवशी कळलं. खाली जाऊन त्या बाईला एकदा सांगून टाका. दोन मिनिटांचं काम."

"जाईन की."

"कधी?"

"बघू. सहा मजले आहेत."

खाली जायला सहा मजले नसतात, ते वर यायला असतात, हे तिने सांगितलं. पण तोवर ते पेपरात शिरले होते.

असं म्हणता म्हणता बावीस वर्षं गेली.

या बावीस वर्षांत ऊ बा चोंना नू यीनचं सगळं आयुष्य कळलं, आणि ते गल्लीतल्या सगळ्यांना कळलं, कारण सहाव्या मजल्याशी खासगी बोलता येत नाही. ती नदीपलीकडून, डल्याहून, पहिल्या फेरीबोटीने येते. वाटाणे रात्री भिजत घालते, फडक्यात बांधून त्यांना मोड आणते, आणि मोड नखाएवढाच हवा, त्याहून लांब झाला की वाटाणा 'म्हातारा' होतो, असं तिचं मत. नवरा होडीवर होता, मग दारूवर होता, मग नव्हता. मुलगी परिचारिकेची परीक्षा पास झाली ती बातमी तिने चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्याला एकाच दमात दिली.

"पहिल्या नंबरानं?" ऊ बा चोंनी वरून विचारलं.

"पास झाली! नंबर काय खायचा आहे?"

मुलीच्या लग्नाला तिने गल्लीला आमंत्रण केलं ते असंच, हातात चमचा धरून, रस्त्यातून. ऊ बा चोंनी टोपलीतून एक साडेतीन हात रेशमी कापड खाली सोडलं. तिने ते अंगाला लावून वर दाखवलं आणि ओरडली, "हे तरी मापात आहे का, सयाजी?" सगळी गल्ली हसली. ऊ बा चोंचाच चेहरा तेवढा पडला.

मात्र या सगळ्या काळात त्यांनी तिला पाहिली ती वरून; ते कचेरीला निघत तोवर ती पुढच्या गल्लीत गेलेली असायची. म्हणजे एक बांबूची गोल टोपी, तिच्या शेजारी एक गोल ताट. माप भरायला ती टोपलीवर वाकली की टोपीखाली सगळं झाकून जायचं, डबाही आणि चमचाही. केळीच्या पानावर ती नेहमी एक पिवळं लिंबू ठेवायची, तेवढं दिसायचं. डो खिन सोला त्या लिंबाचं कोडं होतं. "ते लिंबू ती कुणाला पिळून देताना दिसत नाही. शोभेला ठेवते की काय?" पुढे ऊ बा चोंची नजर अधू झाली तेव्हा ताटाच्या कडा पुसट झाल्या, टोपी पुसट झाली, पण ते पिवळं लिंबू दिसायचं. लिंबू दिसलं की सकाळ झाली.

डो खिन सो आजारी पडली तेव्हा तिला चावता येईना. हे ऊ बा चोंनी खाली सांगितलं नव्हतं. पण एके दिवशी टोपलीत वाटाण्यांच्या शेजारी पानाची एक वेगळी पुडी आली. त्यात मऊ शिजवून, साल काढून, तेल-मीठ घालून कालवलेले वाटाणे होते. डो खिन सोने तेवढेच खाल्ले. खाऊन झाल्यावर म्हणाली, "अजून सांगितलं नाहीत ना तुम्ही तिला?"

"सांगतो."

"मी असताना सांगा. मला बघायचंय तुमचं तोंड."

ते त्यांच्याकडून झालं नाही. ती गेली त्यानंतर सात दिवस दोरी वर गुंडाळून ठेवलेली होती. आठव्या दिवशी त्यांनी ती सोडली. हाक आली, घंटा वाजली, त्यांनी टोपली ओढली. वाटाण्यांवर देव्हाऱ्यासाठी मोगऱ्याची एक जुडी होती. त्या एका दिवशी त्यांनी वाटाणे तोलले नाहीत.

मग ते एकटे राहिले. मग दोरीचं काम बदललं. कधी उशिरा जाग आली तर घंटा दोनदा वाजायची, मग तिसऱ्यांदा, आणि खालून आवाज यायचा, "सयाजी! आहात का गेलात?"

"आहे, आहे!"

"मग टोपली सोडा की! माझे गार होतात!"

त्यांचे गुडघे पार गेले, गल्लीतल्या दोऱ्याही एकेक करून गेल्या. लोक फोनवर बोट फिरवतात आणि मोटारसायकलवाला पाठीवर खोकं घेऊन थेट दारात येतो. पूर्वी गल्लीत मान वर केली तर दोऱ्यांतून आभाळ चाळून यायचं. आता मोजून नऊ उरल्या. तरी ऊ बा चोंची दोरी होती, टोपली होती, बुडाला वजनाऐवजी एक मोठी खिळ्यांची पुडी होती, आणि तिला त्यांनी गाठी मारल्या होत्या पाच.

शेवटी त्यांची मुलगी थिन्झा आली आणि तिने सांगून टाकलं. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत तिने घर घेतलं होतं. अकरावा मजला, लिफ्ट, फाटकावर पहारेकरी.

"आणि दोरी?" ऊ बा चोंनी विचारलं.

"बाबा, तिथं खिडकी चार बोटांच्यावर उघडत नाही."

"मग वाटाणे?"

"पाकिटात मिळतात. वर वजन छापलेलं असतं. तुम्हाला आवडेल."

रविवारी सकाळी टेम्पो यायचा होता. शनिवारी ऊ बा चोंनी कपाट रिकामं केलं, काटा हातात घेतला, आणि तो खोक्यात टाकायच्या ऐवजी मांडीवर घेऊन बसले. बावीस वर्षं सांगायचं राहिलं होतं ते आता एक तर उद्या सकाळी सांगायचं, नाहीतर चार बोटांच्या फटीतून अकराव्या मजल्यावरून. गल्लीतल्या घरांचे रोजचे चमचे त्यांनी मनातल्या मनात वर्षांनी गुणले, तेव्हा वाटाण्यांचा एक ढीग तयार झाला आणि तो जवळजवळ तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. सांगितल्याशिवाय इथून हललो तर खिन सो पुढच्या जन्मी दारात उभं करणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

रविवारी हाक आली तेव्हा त्यांनी दोरी सोडली नाही. टोपली काखेत मारली, काटा खांद्याच्या पिशवीत टाकला आणि जिना उतरायला घेतला.

"बाबा! कुठं?"

"वाटाणे आणायला."

"पायांनी?"

प्रत्येक मजल्यावर ते थांबत. पाचव्यावर चोळीवाल्या बाईंचं दार. आता तिथे कुणी संगणक शिकवतं. तिसऱ्यावर आले तेव्हा आपण मनातल्या ढिगाच्या उंचीला पोचलो हे त्यांना जाणवलं आणि तिथे ते जरा जास्तच थांबले. खाली उतरून त्यांनी मान वर केली. आपली गॅलरी इतकी लहान दिसते हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिथून कुणी शीग बघतो म्हणाला तर आपणसुद्धा हसलो असतो, असं त्यांना वाटलं.

को टोच्या दुकानाशी ताट मांडलेलं होतं. को टो आता टकला झाला होता.

"अरे! सयाजी! पाय आहेत तुम्हाला! मी तर मुलांना सांगत होतो, सहाव्यावर नुसतं एक डोकं राहतं."

बांबूची टोपी वर झाली. टोपीखाली गालांवर थनाखाचा, तिकडच्या बायका लावतात त्या झाडाच्या सालीचा, पिवळट लेप लावलेला, सुरकुत्यांनी जाळीदार झालेला एक लहानसा चेहरा होता. आवाज एवढा मोठा म्हणजे बाई चांगली थोराड असणार, असं ऊ बा चो बावीस वर्षं धरून चालले होते. ती त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"सयाजी, दोरी तुटली का?" नू यीनने विचारलं.

"नाही. आज मी जातोय. कायमचा. मुलीकडे."

तिने चमचा ताटात टेकवला. मग म्हणाली, "तिकडे कोण येतं वाटाणेवालं?"

"कुणी नाही. पाकिटातले."

"म्हातारे असतात ते," ती म्हणाली आणि केळीचं पान बाजूला करायला तिने त्यावरचं लिंबू उचललं.

ते लिंबू नव्हतं.

रोज हातात फिरून लखलखीत झालेलं, मूठभर पितळ होतं. वारा आला तरी पान उडू नये म्हणून ठेवलेलं. कडेने शिक्का झिजला होता, पण ज्याने ते पिशवीतून घरी आणलं त्याला ओळखू येण्याइतका अजून होता.

ऊ बा चोंनी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. पहिल्या वाक्यात 'सदर घटना' असा शब्दही होता. ते सगळं जिन्यात कुठेतरी सांडलं.

"मा नू," ते म्हणाले, "तो कावळा नव्हता."

को टोच्या हातातला पेला तसाच राहिला.

"माझ्या टोपलीखालचं वजन होतं ते. मी वाकलो, ओरडलो, गाठ सुटली. आणि नंतर कठड्याखाली बसलो. तुला लागलं असतं. डोक्यातच बसलं असतं. आणि मी कावळ्यावर घातलं." त्यांचा आवाज चिरकला, नेमका तिथेच जिथे ते इतरांचा पकडत. "आणि तेवढंच नाही. तो पोचा दोन चमच्यांचा आहे, मा नू. तू एक देतेस. बावीस वर्षं माझ्यामुळं सगळ्या गल्लीच्या ताटात रोज एक चमचा कमी पडतोय. मी तोलून पाहिलंय. रोज."

"रोज?" नू यीनने विचारलं.

"रोज. फक्त एक दिवस सोडला तर."

मग तिने को टोचा वाडगा ओढला, पोच्याचा डबा भरून त्यात रिता केला, वर एक चमचा घातला आणि ते पितळी वजन ऊ बा चोंपुढे धरलं.

"काटा आणलाय ना? दिसतोय पिशवीतून. तोला."

ऊ बा चोंनी काटा काढला. को टोने दांडी वरून धरली. एका पारड्यात को टोचे वाटाणे ओतले. दुसऱ्यात तिचं दहाचं आणि त्यांच्या पिशवीतलं दोनाचं वजन ठेवलं. दांडी वर गेली, खाली आली, डुलली आणि मधोमध थांबली. केसभरही कलली नाही. बारा.

ऊ बा चोंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दांडी तिथेच होती.

"असं कसं?" ते म्हणाले. "परत तोलू."

तिने चौथ्या मजल्याची टोपली भरली, ती तोलली. बारा. शेजारच्या इमारतीतल्या एका आजीबाई पातेलं घेऊन उभ्या होत्या, त्यांचे घेतले. बारा. आजीबाई म्हणाल्या, "अहो, गार होतायत, देताय का नाही?" को टो म्हणाला, "सयाजी, कुणाचंच कमी नाही की हो!" आणि मनातला तो तिसऱ्या मजल्यापर्यंतचा ढीग ऊ बा चोंच्या डोळ्यांदेखत खचत खचत गेला आणि त्याच्या जागी टोपलीभरच काहीतरी उरलं.

बरं वाटावं की वाईट, हे त्यांना कळेना. वर गॅलरीतून थिन्झा हाका मारत होती, टेम्पो आला होता. नू यीनने त्यांच्या काखेतली टोपली काढून घेतली, पान अंथरलं, डबा भरला, टोपलीत ओतला. बस. पान दुमडायला लागली.

ऊ बा चोंनी हे इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. मध्ये सहा मजले नव्हते, टोपी नव्हती.

"मा नू," ते चाचरत म्हणाले, "सगळ्यांचे बारा भरतात. मग बावीस वर्षं एकट्या माझेच चमचाभर कमी कसे?"

नू यीनने पान दुमडलं आणि टोपली त्यांच्या हातात दिली.

"ज्यानं पोचा पाडला त्याला कसला आलाय पोच्याचा चमचा, सयाजी!"